गोळी कायले खाऊ?

दिवाळीपासून आमच्या गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच विषय चालू आहे: तालुक्याला सीटी स्कॅन पाहिजे, मेंदूचा डॉक्टर पाहिजे. निमित्त माझ्या काकाजींचं. कापूस वेचणीचे दिवस, सकाळचा चहा. हातातली बशी निसटली आणि तोंडातला घोट ओठाच्या एका कोपऱ्यातून गळत राहिला. तो लकवा होता, पण काकूंना वाटलं, उपाशीपोटी चक्कर आली. त्यांनी कांदा फोडून हुंगवला, लिंबू-मिठाचं पाणी पाजलं. (लकव्यात गिळणं बिघडलेलं असतं, पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं, हे मलाही नंतरच कळलं.) शेजारी कोणी पारव्याचं रक्त चोळायला सांगितलं, तर दुसरा पारवा धरायला निघालासुद्धा. यवतमाळ आमच्याकडून दीड-दोन तासांवर, पण काकाजी तिथे पोचेपर्यंत दिवस मावळला होता. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांत द्यावं लागतं, तेही मेंदूत रक्तस्राव नाही हे स्कॅनमध्ये पाहून. आता काकाजी ओसरीत बाजेवर बसून डाव्या हाताने जेवतात.

ग्रुपवरची मागणी चूक नाही. मी फिनलंडमध्ये बसून तिला नावं ठेवावीत हे शोभतही नाही. पण लकवा ज्यातून आला, ती काकाजींची आधीची गोष्ट तिथे कोणी लिहिली नाही. त्यांना सहा वर्षांपासून बीपी. उन्हाळ्यात मोजलं, बरोबर आलं, आणि त्या दिवसापासून गोळी बंद. मी फोनवर रागावलो, तर म्हणाले, "बीपी तं नॉर्मल हाय, मंग गोळी कायले खाऊ?" गोळी घेता म्हणूनच ते नॉर्मल आहे, हे त्यांना कोणी नीट सांगितलंच नव्हतं. मीही सांगितलं नाही, नुसता रागावलो. आणि त्याआधी दोनदा गोळ्या आणायला गेले, तर "संपल्या, पुढच्या महिन्यात या" ऐकून परत आले होते. बीपी दुखत नाही, खुपत नाही. मग शेतीच्या धामधुमीत तिसरी खेप कोण मारतो?

मी राहतो ते योएन्सू म्हणजे नॉर्थ कारेलिया प्रांताचं मुख्य शहर. आज तळी, जंगलं, शांतता. पन्नास वर्षांपूर्वी हा फिनलंडचा गरीब कोपरा होता. लाकूडतोडे, छोटे शेतकरी, पावावर लोण्याचा थर, खारवलेले मासे, सिगारेटी. ऐन उमेदीतली माणसं हृदयविकाराने पटापट जायची. १९७१ मध्ये लोकांनीच सरकारकडे निवेदन दिलं आणि १९७२ मध्ये पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या पुढाकाराने काम सुरू झालं. मला वाटायचं, मोठं हॉस्पिटल बांधलं असेल. त्यांनी आधी बीपीच्या रुग्णांची नोंदवही केली आणि ती गावोगावच्या नर्सच्या हाती दिली. गृहिणींच्या संघटनेला सोबत घेऊन स्वयंपाक बदलला, दूध डेअरीवाले आणि सॉसेज बनवणारे यांना वळवलं. चार दशकांत तिथल्या कामकरी वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले.

हे सगळं उचलून विदर्भात लावता येणार नाही. फिनलंडमध्ये १९९३ पासून जास्त मिठाच्या पाकिटावर तसा इशारा छापावा लागतो, आणि ते तिथे चालतं, कारण तिथलं मीठ पाव, चीज, सॉसेजमधून येतं. आमच्याकडे ते काकूंच्या मुठीतून येतं. त्या मुठीवर कोणता कायदा लावणार? ठेचा, लोणचं, उन्हाळ्यात वाळवलेल्या कुरड्या-पापड, वर ताटात कोरडं मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे सपाट चहाचा चमचा. घाम गाळणाऱ्याला मीठ लागतंच, हा युक्तिवाद मी धुऱ्यावर बसून केलेला आहे. पण तो बाजेवर बसून टीव्ही पाहणाराही करतो. आणि खर्रा, म्हणजे आमच्याकडची घोटलेली तंबाखू-सुपारी? दोन माणसं भेटली की पन्नीत खर्रा घोटल्याशिवाय बोलणं पुढे सरकत नाही. बीपीची दिवसाची गोळी त्या पुडीपेक्षा स्वस्त पडते.

नोंदवही मात्र उचलता येते. गडचिरोलीच्या ८६ गावांत तिथल्या 'सर्च' या आरोग्य संस्थेने २०११ ते २०१३ या काळातले मृत्यू तपासले, तेव्हा सातातला एक लकव्याने झालेला निघाला, आणि बहुतेक माणसं घरातच गेलेली. भंडारा-वर्ध्यात तर उच्च रक्तदाबाचा सरकारी उपक्रम काही वर्षांपूर्वीच सुरू झाला: ठरलेली औषधं, प्रत्येकाचं कार्ड, आणि जो आला नाही त्याला शोधायचं. आमच्या आशाताई तिशीच्या पुढच्यांचा फॉर्म भरतातच. त्या यादीत एक रकाना वाढवा: कोणाच्या गोळ्या कधी संपतात. आणि त्या तारखेच्या आत उपकेंद्रात गोळ्या हजर हव्यात. नाहीतर रकाना भरून आशाताईंनी लोकांच्या शिव्या खायच्या, एवढंच होईल.

मागच्या वर्षी माझं स्वतःचं बीपी १४८ वर ९४ आलं. इथल्या नर्सने गोळी लिहून दिली नाही, आधी यंत्र हातात दिलं: चार दिवस, सकाळ-संध्याकाळ मोजा, लिहा, मग बोलू. तसलंच एक यंत्र मी काकूंकडे पाठवलं. पहिल्या दिवशी त्यांनी निम्म्या गल्लीचं बीपी मोजलं.

रकान्याचं मी ग्रुपवर लिहिलं. तीन अंगठे आले. त्याखाली आमदारांना सीटी स्कॅनचं निवेदन देतानाचा फोटो आला, त्याला अठ्ठेचाळीस.

काल काकूंनी कॅलेंडरचा फोटो पाठवला. काकाजींनी गोळी घेतली की त्या पेनाने फुली मारतात. मंगळवार-बुधवारचे चौकोन कोरे. मी लगेच फोन लावला.

"तेरवीले गेलो होतो रे बापू," काकाजी म्हणाले, जीभ अजून जड. "गोळ्या घरीच राह्यल्या."