प्रतिक्रियेला उत्तर : कडप्पा, सायकलची ट्यूब आणि मनाचा खेळ

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. रेकॉर्ड प्लेयरखाली कडप्पा आणि त्याखाली सायकलची ट्यूब ठेवून आवाज सुधारतो हा निव्वळ मनाचा खेळ आहे, स्पीकर स्वतःच थरथरतो तर कुठली थरथर थांबवणार, असं तुम्ही विचारलंत. शिवाय सीडी प्लेयरखाली दगड ठेवला की बास 'खुलतो' असं मी आधी लिहिलं होतं, त्यावरून चिमटाही काढलात.

चिमटा मान्य. सीडीवर सगळे आकडे असतात आणि वाचताना चूक झाली तर ती दुरुस्त करायची सोय प्लेयरमध्येच असते. फारच मोठा गचका बसला तर गाणं अडखळेल, पण दगडाने बास 'खुलत' नाही. ते वाक्य उत्साहाच्या भरात लिहिलं गेलं.

रेकॉर्डचं मात्र वेगळं आहे. सुईचं कामच थरथर टिपायचं. आपण रेकॉर्डवरच्या खाचेमुळे हललो की प्लेयर हलल्यामुळे, हे तिला कळत नाही. त्यातून रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो, तो फोनो प्रीअँप (सुईचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) परत उचलतो. १००० हर्ट्झच्या (सेकंदाला १००० कंपनं) तुलनेत २० हर्ट्झ जवळजवळ नऊपट! म्हणजे जमिनीची हालचालही तितकीच उचलली जाते. आणि स्पीकरची थरथर हेच तर मुख्य दुखणं : ती टेबलातून सुईपर्यंत आली की पुन्हा स्पीकरमध्ये जाते, आणि आवाज वाढवला की घुमायला लागतं.

एक करून बघा. रेकॉर्ड थांबलेली, सुई तिच्यावर, आवाज बेताचा. टेबलाला बोटाने टिचकी मारा. स्पीकरमधून 'धप्' येईल. मनाचा खेळ असेल तर मनाला टिचकी कोणी मारली?

आमच्याकडे खरी गंमत वॉशिंग मशीनने केली. कपडे पिळताना ड्रम मिनिटाला ६०० फेऱ्यांवरून जातो, म्हणजे सेकंदाला १०. आर्म (सुईचा दांडा) आणि कार्ट्रिज (त्याच्या टोकाचा सुई बसवलेला भाग) यांचं स्वतःचं डुलणंही साधारण ८ ते १२ हर्ट्झचंच. त्या काही सेकंदांत वूफरचा (खर्जाच्या स्पीकरचा) पडदा धाप लागल्यासारखा आतबाहेर होत होता. त्याचा आवाज काहीच नाही, पण वर चाललेला तंबोरा डगमगत होता.

म्हणून ट्यूब. कडप्पा फक्त वजनासाठी. वजनाने ट्यूब सेंटीमीटरभर दबली, तर वरचं सगळं झोपाळ्यासारखं सेकंदाला पाचेक वेळा हलतं आणि त्याहून बऱ्याच जलद थरथरीला वर येऊ देत नाही. मी आधी ट्यूब टम्म फुगवली होती, उपयोग शून्य.

प्लेयरखाली लावायच्या महागड्या टोकदार पायांचा उपयोग नाही, या तुमच्या म्हणण्याशी सहमत. ते प्लेयरला जमिनीपासून तोडत नाहीत, उलट जोडतात. माणसांच्या चालण्याच्या धक्क्यांवरचे बरेचसे परदेशी सल्ले लाकडी जमिनीच्या घरांसाठी असतात. वाड्यात आमची माडी लाकडी होती, जिना कोणी धावत चढलं की सुई उडायची. आता खाली स्लॅब आहे, तो त्रास गेला. हजारो रुपयांचे पाय मीही घेणार नाही.

ट्यूबची कटकट एकच. हवा हळूहळू उतरते, प्लेयर एका अंगाला कलतो आणि आर्म तिकडे ओढला जातो. दर रविवारी पाणसळ ठेवून बघतो आणि दोन पंप मारतो.