कोंबडा, साडेअकरा किलो

परवा मी माझाच कोंबडा 345 रुपयांना विकत घेतला.

खायचा नव्हे. (कोल्हापुरात हे आधी सांगावं लागतं, नाहीतर लोक तांबडा-पांढरा विचारायला लागतात.) भंगारातून केलेला. पाठीला बुलेटची चेन, शेपटीला गंजलेले पाने, तांब्याच्या तारेचा तुरा आणि डोळ्यांच्या जागी दोन बेअरिंगा. दोन महिने खपलो होतो. दसरा चौकात प्रदर्शन, म्हणून रिक्षा येईस्तोवर गल्लीच्या तोंडाला ठेवला, मोबाईल राहिला म्हणून वर गेलो, खाली येतोय तर कोंबडा भंगारवाल्याच्या गाड्यावर, फुटका कूलर आणि तेलाचे डबे यांच्या मधोमध, मान वर करून बसलेला. लाज वाटते सांगायला, पण तिथं तो शोभत होता.

शेजारच्या काकूंनी आपल्या डब्यांबरोबर त्यालाही घालवला होता. 25 रुपये किलोच्या भावानं. मला 30 नं पडला. म्हणजे काकूंना सुटले, भंगारवाल्याला सुटले, या व्यवहारात बुडालेला एकटा कलाकार. वर भंगारवाला म्हणतोय, "तांब्याचं खरं म्हंजे येगळं धरायला पायजे, पर जाऊंदे, तुमी वळकीचं."

इथपर्यंत ठीक होतं. पण शेजारच्या टपरीवर एक आजोबा चहा पीत बसले होते. उद्यमनगरात लेथवर उभी हयात काढलेले. ते कप घेऊनच उठले आणि एका बोटानं कोंबड्याचा डोळा फिरवला. डोळा गरागरा फिरला. आजोबांचा चेहरा पडला.

"आरं, हे बासष्ट शून्य तीन नंबरचं बेअरिंग हाय न्हवं?"

मी म्हटलं, असेल.

"असंल काय? आतनं सतरा, भाईरनं चाळीस, जाडी बारा. ऐक, कान लाव. आवाज येतोय?"

भर रस्त्यात मी कोंबड्याला कान लावला. आवाज नव्हता.

"मग! चालू माल हाय ह्यो. मोटरीत घातला तर अजून पाच वर्सं बघाय नको. आन् तू कोंबड्याला डोळं केलास? त्येला दिसतंय व्हय?"

मग तुऱ्यापासून पंजापर्यंत तपासणी. वेल्डिंगच्या टाक्यांवरचा स्लॅग, म्हणजे खपली, झाडलेला नाही. पायाखालचा तुकडा बिडाचा, त्याला साधा रॉड मारलाय, तडकणार. "बिडाला निकेलचा रॉड लागतोय, कुणी शिकीवलं तुला?" तोवर सातआठ माणसं जमलेली. कॉलेजात पाच वर्षं काढली, एवढं बारकाईनं माझं काम एका मास्तरानं पाहिलं नव्हतं, आणि नेमका हाच माणूस त्यात कोंबडा बघायला तयार नाही!

मी पिकासो काढला. 1942 साली त्यानं सायकलचं सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं, आज ते पॅरिसच्या म्युझियममध्ये आहे. आजोबा म्हणाले, "सायकल कुनाची हुती?" यावर काय बोलणार. मग म्हटलं आजोबा, हे कलापूर आहे, इथं सिनेमावाले बाबूराव पेंटर झाले, तर लगेच, "त्येनी क्यामेरा केला. त्यो चालत हुता. तुजा कोंबडा काय करतोय?"

चंदीगडच्या नेकचंदांचं मला आता पटतं. रोड इन्स्पेक्टरची नोकरी सांभाळून फुटक्या बांगड्या, कपबश्या गोळा करत सरकारी जागेत वर्षानुवर्षं गुपचूप बाग उभी केली, 1976 मध्ये ती लोकांना खुली झाली. गुपचूप केलं म्हणूनच झालं. आमच्याकडे गल्लीला कळलं आणि दारात फुटके मिक्सर यायला लागले. "तुमच्या उपयोगी पडंल." एकानं आख्खा कमोड आणून ठेवला. विकत मात्र कुणी घेत नाही. "भंगाराचंच तर आहे, मटेरियलला काय पडलं?" चित्रकाराला कुणी विचारतं का, रंगाच्या ट्यूबा कितीला आणल्या? घरी ठेवायला जागा नाही, बायको आता बोलायचीही बंद झालीय, आणि प्रदर्शनाच्या हॉलचं भाडं आगाऊ.

असो. प्रदर्शनात पहिल्या दिवशी पंधरा माणसं आली, त्यातली सहा पंख्याखाली बसायला. दुसऱ्या दिवशी आजोबा आले. पांढरी टोपी, हातात पिशवी. कुठंही न बघता थेट कोंबड्यापाशी गेले, पिशवीतून कागदात गुंडाळलेली बेअरिंग काढली, माझ्या हातावर ठेवली.

"हे गेल्यालं हाय. कसं खडखडतंय बघ. ह्येला हे लाव, आन् ते चांगलं मला काढून दे."

कटर आणायला आत जाणार होतो. गरजच पडली नाही, डोळा हातानंच निघाला.