उबुंटू गेलं म्हणजे नक्की कुठं गेलं?

सबमिशनचे दिवस आले की हा फॉरवर्ड आमच्या मुलांच्या ग्रुपवर पुन्हा फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: "एका लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकू नका. विंडोजचा अपडेट लिनक्स पुसून टाकतो. घड्याळ साडेपाच तास चुकलं तर मदरबोर्डचा सेल बदला. लिनक्समधून डी ड्राइव्हवर लिहिता येत नसेल तर डिस्क मरायला टेकली आहे. सिक्युअर बूट कायमचं बंद ठेवा. मेनू गेला तर फिक्सएमबीआर मारा, नाहीतर फॉरमॅट. ब्लूटूथ माउस सारखा तुटतो तो व्हायरसमुळे. जनहितार्थ पुढे पाठवा."

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. लॅबमधल्या सगळ्या मशिनवर दोन्ही सिस्टिम आहेत, त्यामुळे या यादीतलं एकूण एक लक्षण मी पाहिलंय. लक्षणं खरीच आहेत. घोळ त्यांच्या अर्थात आहे, आणि त्या अर्थापायी पोरं चांगली चाललेली मशिन फॉरमॅट करून बसतात.

पहिला आणि सगळ्यात महागात पडणारा दावा "अपडेट लिनक्स पुसतो" हा. गेल्या सेमिस्टरला थर्ड इयरची एक मुलगी रडवेली होऊन आली. "सर, माझं उबुंटू गेलं. प्रोजेक्ट त्यातच होता." (उबुंटू हा लिनक्सचाच एक प्रकार.) लॅपटॉप सुरू केला की थेट विंडोज उघडत होतं. एका दुकानात तिला सांगितलं होतं, लिनक्स उडालंय, फॉरमॅट करावं लागेल. मी लॅपटॉप बंद करून चालू केला आणि एफ१२ दाबत राहिलो. काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या: विंडोज बूट मॅनेजर आणि खाली उबुंटू. खालची निवडली. प्रोजेक्ट होता तिथंच होता.

आजच्या लॅपटॉपमध्ये डिस्कवर ईएफआय नावाचं एक छोटं पार्टिशन असतं. विंडोज स्वतः बनवतं तेव्हा ते बऱ्याचदा १०० एमबीचं असतं. त्यात विंडोजचा फोल्डर वेगळा आणि उबुंटूचा वेगळा. आधी कुणाला हाक मारायची याची यादी मदरबोर्डच्या मेमरीत असते. मोठ्या अपडेटनंतर कधी कधी विंडोज या यादीत पहिल्या नंबरावर जाऊन बसतं. उबुंटूच्या फायली जागच्या हलत नाहीत, फक्त त्याचा नंबर खाली जातो. बायोसमध्ये, म्हणजे मशिनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन तो वर आणला की काम संपलं. (एफ१२ सगळीकडे चालत नाही. काही कंपन्यांच्या मशिनवर एफ९ किंवा एस्केप.)

उलट तक्रारही येते: मेनूत लिनक्स आहे, विंडोज नाही. यातही काही पुसलेलं नसतं. कोणती सिस्टिम उघडायची ते विचारणारा हा मेनू लिनक्सचा ग्रब नावाचा प्रोग्राम दाखवतो. त्याच्या २.०६ या २०२१ च्या आवृत्तीपासून दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर सुरक्षेसाठी मुळात बंदच ठेवलेला असतो. ग्रबच्या सेटिंगच्या फायलीत तो चालू करून मेनू पुन्हा तयार केला की विंडोज दिसतं.

ही समजूत आली कुठून, तेही सांगतो. जुन्या बायोसच्या काळात डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांपैकी ४४६ बाइट बूटच्या कोडसाठी असत. विंडोज पुन्हा टाकलं की ते कुणाला न विचारता तिथं आपला कोड लिहायचं आणि ग्रबचा मेनू जायचा. म्हणजे तेव्हासुद्धा गेला तो मेनू, लिनक्सचं पार्टिशन शाबूतच राहायचं.

फॉरवर्डची बाजू खरंच बळकट करणारी घटना एकच, ऑगस्ट २०२४ ची. त्या महिन्याच्या १३ तारखेच्या विंडोज अपडेटनंतर अनेकांचं लिनक्स उघडेना. पडद्यावर शिम, एसबॅट आणि 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असं काहीतरी यायचं आणि मशिन बंद पडायचं. ग्रबमधली २०२२ सालची एक त्रुटी बुजवण्यासाठी मायक्रोसॉफ्टने जुन्या बूटलोडरना (सिस्टिम सुरू करणाऱ्या ग्रबसारख्या प्रोग्रामना) सिक्युअर बूटच्या, म्हणजे फक्त ओळखीचेच प्रोग्राम सुरू होऊ देणाऱ्या पहारेकऱ्याच्या, दारातच अडवायची यादी पाठवली होती. दोन सिस्टिमच्या मशिनना ती लागू होणार नाही असं सांगितलं होतं, पण अशी मशिन ओळखण्यात ते कमी पडले. चूक मायक्रोसॉफ्टची, यात वाद नाही. पण तेव्हाही लिनक्स पुसलं गेलं नव्हतं. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करायचं, लिनक्समध्ये जाऊन मोकयुटिल या कमांडने ती यादी काढायची, रीस्टार्ट करून सिक्युअर बूट पुन्हा चालू करायचं, एवढाच उपाय होता. त्या आठवड्यात ज्यांनी फॉरमॅट मारलं त्यांचा डेटा मात्र खरोखर गेला.

आता घड्याळ. सकाळी दहाला विंडोज बंद करून लिनक्स उघडा, नेट लागेपर्यंत साडेतीन वाजलेले दिसतील. लिनक्समधून विंडोजमध्ये या, पहाटेचे साडेचार. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहितं आणि लिनक्स जागतिक वेळ. दोघांमधला फरक साडेपाच तास, कारण आपली प्रमाणवेळ तेवढी पुढे आहे. नेपाळात हाच घोळ पावणेसहा तासांचा होतो, आणि न्यू जर्सीत राहणाऱ्या भाच्याचं विंडोज उलट चार-पाच तास पुढे धावतं. सेल संपला तर तारीखच काही वर्षं मागे जाते. बरोबर साडेपाच तास मोजून चुकणारा सेल मी अजून पाहिलेला नाही.

हे नुसतं दिसण्यापुरतं नसतं. आमच्या सी भाषेच्या प्रॅक्टिकलला एक मुलगा लिनक्स उघडल्या उघडल्या फाइल सेव्ह करतो. मग नेट लागतं, घड्याळ मागे येतं, आणि मेक (कोडमधून प्रोग्राम तयार करून देणारं साधन) कुरकुरतं, 'क्लॉक स्क्यू डिटेक्टेड'. फाइल भविष्यात लिहिलेली! तो बिचारा अर्धा तास कोडमध्ये चूक शोधत बसतो. उपाय विंडोजच्या बाजूने करावा: रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत) रिअलटाइमइजयुनिव्हर्सल ही नोंद करून तिची किंमत १ ठेवायची. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगणारा कमांडही आहे, पण तो दिला की लिनक्स स्वतःच ताकीद देतं. दोन्ही उपाय एकदम केले तर घोळ पुन्हा होता तिथंच, नुसता दुसऱ्या बाजूने.

डी ड्राइव्हचं म्हणाल तर २०१२ च्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. शट डाउन केलं की विंडोज पुरतं बंद होत नाही, आपला गाभा डिस्कवरच्या एका फायलीत ठेवून झोपतं. झोपलेल्या माणसाच्या खिशात हात घालायचा नाही, म्हणून लिनक्स तो ड्राइव्ह फक्त वाचायला देतं किंवा उघडतच नाही. डिस्क जपण्यासाठीच चाललेलं असतं हे. विंडोजच्या पॉवरच्या सेटिंगमध्ये फास्ट स्टार्टअप बंद करा, किंवा शिफ्ट दाबून शट डाउन करा. रीस्टार्टमध्ये हा प्रकार मुळात नसतोच. तरीही डिस्कची शंका असेल तर तिचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद, बघा. त्यात रीॲलोकेटेड सेक्टरचा (खराब होऊन बदललेल्या जागांचा) आकडा वाढत असला तर मात्र त्याच दिवशी बॅकअप घ्या.

सिक्युअर बूट कायमचं बंद ठेवायची गरज नाही. उबुंटू, फेडोरासारखी लिनक्स ते चालू असताना व्यवस्थित उघडतात. आणि बंद करण्यातला खरा धोका फॉरवर्ड सांगतच नाही: ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचं डेटा कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) असेल तर हे सेटिंग बदलल्यावर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. नव्या लॅपटॉपवर हे एन्क्रिप्शन अनेकदा आपोआप चालू झालेलं असतं, मालकाला पत्ताही नसतो. ती की बहुधा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. आधी ती कागदावर उतरवा, मग बायोसला हात लावा. त्या अकाउंटचा पासवर्ड आठवत नसेल तर बायोसच्या वाटेला जाऊच नका.

फिक्सएमबीआर, म्हणजे डिस्कच्या सुरुवातीला विंडोजचा बूटचा कोड लिहिणारा कमांड, तर निव्वळ विनोद आहे. नव्या मशिनवर तो कमांड जिथं लिहितो ती जागा बूट होताना कुणी वाचतच नाही, म्हणून त्याचा उपयोग शून्य. जुन्या बायोसच्या मशिनवर तो ग्रबचाच कोड पुसतो. म्हणजे मेनू परत आणायचं म्हणून दिलेला उपायच मेनू घालवतो, आणि मग फॉरवर्ड खरा ठरल्यासारखा वाटतो. ग्रब खरंच बिघडलं असेल तर पेन ड्राइव्हवरून लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारं) लिनक्स उघडून ते पुन्हा बसवता येतं. अर्ध्या तासाचं काम. त्यात डेटाला धक्का लागत नाही.

फॉरमॅट हा शब्द कधी कधी विंडोजच सुचवतं. लिनक्सच्या पार्टिशनला चुकून ड्राइव्हचं अक्षर मिळालं की ते वाचता न आल्यामुळे खिडकी येते: वापरण्याआधी हा ड्राइव्ह फॉरमॅट करावा लागेल. तिथं 'कॅन्सल' दाबा. गेल्या वर्षी आमच्याकडे एकाने घाईत दुसरं बटण दाबलं, आणि त्याचं उबुंटू मात्र खरोखर गेलं.

राहिला ब्लूटूथ माउस. जोडी जमवताना प्रत्येक सिस्टिम आपली वेगळी किल्ली बनवते. लॅपटॉपचा पत्ता दोन्हीकडे एकच असल्यामुळे माउस फक्त शेवटची किल्ली लक्षात ठेवतो आणि दुसऱ्या सिस्टिमला ओळख देत नाही. एका बाजूची किल्ली दुसरीकडे नेऊन ठेवता येते, पण ते किचकट आहे. आमच्या लॅबमध्ये वायरचे माउस आहेत.