गरोदरपणातलं इन्फेक्शन आणि ऑटिझम: ‘तिप्पट धोक्या’चा अर्धाच आकडा

एक मेसेज जोरात फिरतोय: गरोदरपणात एकदा जरी इन्फेक्शन झालं तरी बाळाला ऑटिझम होण्याचा धोका तिप्पट होतो, डेन्मार्कमध्ये हे सिद्ध झालंय, उंदरांमध्येही दिसलंय, म्हणून त्या काळात फ्लूची लससुद्धा टोचून घेऊ नका.

तिप्पट हा आकडा खरा आहे, पण तो कोणाचा? २०१० च्या त्या अभ्यासात १९८० ते २००५ या काळात जन्मलेली सोळा लाखांवर मुलं होती. पहिल्या तिमाहीत व्हायरल इन्फेक्शनमुळे हॉस्पिटलात दाखल व्हावं लागलेल्या आयांपुरता तो आकडा आहे. संपूर्ण गरोदरपणातली सगळी इन्फेक्शन्स एकत्र धरली, तर संबंध दिसलाच नाही. मेसेजमधून नेमकं हेच गळलंय. २०१२ मध्ये डेन्मार्कमध्येच सुमारे ९७ हजार मुलांच्या आयांकडून सर्दी, लघवीचं इन्फेक्शन अशा नेहमीच्या आजारांची माहिती घेतली, तेव्हाही फारसं काही हाती लागलं नाही. फ्लू आणि आठवडाभर टिकलेला ताप यांत वाढ दिसली, पण ती योगायोगाची असू शकते असं संशोधकांनीच लिहून ठेवलंय.

‘सिद्ध झालंय’ म्हणणाऱ्यांनी स्वीडनचा २०२२ चा अभ्यास पाहावा. गरोदर राहण्याच्या आदल्या वर्षी इन्फेक्शन झालेल्या आयांच्या मुलांतही ऑटिझम थोडा जास्त आढळला. गर्भच नव्हता, तर इन्फेक्शनने इजा कुणाला केली? सख्ख्या भावंडांची तुलना केल्यावर गरोदरपणातल्या इन्फेक्शनचा फरकही उरला नाही. म्हणजे संशयाची सुई बरीचशी घराण्यात सामाईक असलेल्या गोष्टींकडे, विशेषतः जनुकांकडे वळते.

उंदरांचं संशोधन मोलाचं आहे. पण त्यात बहुधा खरा विषाणू नसतो, विषाणूची नक्कल करणारं रसायन टोचतात. आणि उंदराच्या वागण्यावरून ऑटिझमचं निदान होत नाही.

धोका शून्य आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. रुबेला (जर्मन गोवर) हे ठळक उदाहरण. अमेरिकेतल्या १९६४ च्या साथीनंतर, गर्भात रुबेलाची बाधा झालेल्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण बरंच जास्त आढळलं. तिथे विषाणू थेट गर्भापर्यंत पोचतो. आणि तो रोखते ती गरोदर राहण्याआधी घेतलेली लस!

फ्लूच्या लसीचं म्हणाल, तर कॅलिफोर्नियात सुमारे दोन लाख मुलांच्या २०१७ च्या अभ्यासात ना फ्लूचा संबंध आढळला, ना एकंदर लसीचा. पहिल्या तिमाहीतल्या लसीबाबत किंचित वाढ दिसली होती, ती सांख्यिकी दुरुस्तीनंतर, म्हणजे अनेक तुलना केल्यावर योगायोगानेही फरक दिसू शकतो हे हिशेबात धरल्यावर, टिकली नाही. उलट गरोदरपणातला फ्लू आईलाच जास्त गंभीर होऊ शकतो. त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.