ताजमहाल हॉटेल उलटे बांधलेले नाही

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलाविषयी एक कथा व्हॉट्सॲपवरील संदेशांतून, पर्यटनविषयक लेखांतून आणि गेटवेपाशी माहिती सांगणाऱ्यांच्या तोंडून वर्षानुवर्षे फिरते आहे. कोणा एका परदेशी वास्तुविशारदाने, तो कधी फ्रेंच असतो तर कधी इंग्रज, समुद्राकडे तोंड असलेल्या हॉटेलाचा आराखडा तयार केला आणि तो इथल्या माणसांच्या हवाली करून तो मायदेशी निघून गेला. परत येऊन पाहतो तर इमारत उलटी उभी राहिलेली होती, म्हणजे दर्शनी बाजू शहराकडे आणि पाठ समुद्राकडे. हा धक्का असह्य होऊन त्याने त्याच इमारतीवरून उडी टाकून जीव दिला. कथा एकच असली तरी तिच्यात परस्परांवर टेकलेली अनेक विधाने आहेत आणि ती वेगवेगळी तपासली, तर त्यांतले एकही धड उभे राहत नाही.

पहिले विधान वास्तुविशारद परदेशी असल्याचे. ताजचे मूळ आराखडे रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या दोन भारतीयांचे आहेत. 1900 मध्ये, काम चालू असतानाच, वैद्यांचे निधन झाले आणि पुढचे काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुविशारदाने पूर्णत्वास नेले. म्हणजे या इमारतीशी परदेशी माणसाचा संबंध आला तो आराखडा काढून निघून जाण्यापुरता नसून, दुसऱ्यांनी सुरू केलेले काम हाती घेऊन तडीस नेण्यापुरता होता. कथेत जो क्रम आहे त्याच्या बरोबर उलट क्रम प्रत्यक्षात घडला. फ्रेंच वास्तुविशारद तर या प्रकल्पाच्या इतिहासात मुळीच नाही.

दुसरे विधान, इमारत उलटी बांधली गेल्याचे, सगळ्यांत महत्त्वाचे आहे, कारण ज्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर ही कथा जगते ती याच विधानात आहे : हॉटेलाचे मूळ प्रवेशद्वार खरोखरच समुद्राच्या बाजूला नव्हते. आज जिथे तरणतलाव आहे, त्या शहराकडच्या चौकातून पाहुण्यांच्या गाड्या आत येत असत, आणि आजचे समुद्राकडचे प्रवेशद्वार ही नंतरची व्यवस्था आहे. एवढे मान्य करायलाच हवे. परंतु प्रवेशद्वार मागे असणे म्हणजे आराखडा चुकणे, हे अनुमान इमारतीचा नकाशा डोळ्यांसमोर आणताच कोसळते.

जुनी इमारत इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची आहे. तिची लांबलचक मुख्य बाजू बंदराला समांतर, अगदी पाण्यासमोर उभी आहे आणि दोन्ही टोकांकडून निघालेल्या दोन विंग पश्चिमेला, शहराच्या दिशेने जाऊन मधला चौक कवेत घेतात. आता ही आकृती कथेत म्हटल्याप्रमाणे "सरळ" करून पाहा. तसे केल्यास मोकळा चौक समुद्राकडे येतो, मुख्य बाजू आत ढकलली जाते आणि पाण्याच्या थेट समोर उरतात ती फक्त दोन विंगांची अरुंद टोके. समुद्रकिनाऱ्यावर हॉटेल काढणारा कोणता मालक आपली सर्वांत लांब बाजू किनाऱ्यापासून दूर नेऊन तिथे घोडागाड्यांचे आवार करील? समुद्र दिसणाऱ्या खोलीला जास्त भाडे मिळते, हे समजायला वास्तुशास्त्राची पदवी लागत नाही. ज्याला कथा चूक म्हणते ती रचना समुद्रासमोर जास्तीत जास्त खोल्या देणारी आहे, आणि जिला ती बरोबर मानते ती रचना धंद्याच्या दृष्टीने तोट्याची ठरली असती.

वाऱ्याचाही विचार करण्याजोगा आहे. ताजच्या समोरचा समुद्र म्हणजे मुंबईच्या पूर्वेकडचे बंदर, अरबी समुद्राचा उघडा किनारा नव्हे, ही गोष्ट बाहेरगावच्या पर्यटकाच्याच काय पण पुष्कळ मुंबईकरांच्याही ध्यानात राहत नाही. मुंबईत दुपारनंतर सुटणारा खारा वारा पश्चिमेकडून आणि वायव्येकडून येतो. ज्या काळात खोल्या थंड ठेवण्याचे काम मुख्यतः उंच छत, रुंद व्हरांडे आणि समोरासमोरच्या खिडक्या करीत असत, त्या काळात पश्चिमेला उघडा चौक ठेवून तो वारा आत घेणे शहाणपणाचे होते. वैद्य आणि मिर्झा यांच्या मनात नेमका हाच हेतू होता असे मी ठामपणे म्हणणार नाही, कारण हेतूविषयीचे अनुमान आणि नोंदलेली वस्तुस्थिती यांत फरक करायला हवा. पण रचना हवेच्या विरुद्ध गेलेली नाही, तिच्याशी जुळणारी आहे, एवढे निश्चित.

या मुद्द्यावर मला सर्वांत बोलका वाटणारा पुरावा ताजमध्ये नसून बोरीबंदरला आहे. आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणून ओळखली जाणारी, 1878 मध्ये सुरू होऊन दहा वर्षांनी पूर्ण झालेली ती इमारत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांची. आणि तिच्यावर त्यांचे साहाय्यक अभियंता म्हणून काम करणारे गृहस्थ होते हेच सीताराम खंडेराव वैद्य. त्या इमारतीच्या कार्यालयीन भागाचा नकाशा पाहिला तर काय दिसते? मध्यभागी मोठा घुमट, घुमटाखाली भव्य जिना, दोन बाजूंना विंग, कोपऱ्यांवर बुरूज आणि विंगांच्या मधोमध शहराच्या रस्त्याकडे उघडणारा चौक. ताजमध्येही मध्यभागी घुमट आहे, घुमटाखाली जिना आहे, कोपऱ्यांवर लहान घुमट मिरवणारे बुरूज आहेत आणि शहराकडे उघडणारा चौक आहे. अलंकरणाची भाषा वेगळी आहे. बोरीबंदरला व्हिक्टोरियन गॉथिक, तर इथे युरोपीय आणि भारतीय-इस्लामी घटकांचे मिश्रण. परंतु नकाशाचा सांगाडा ओळखीचा आहे. बोरीबंदरवर वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाने हॉटेलासाठीही चौक शहराकडे ठेवला, यात अपघात शोधण्याचे कारण नाही. बोरीबंदर उलटे बांधले गेले असे मात्र आजवर कोणी म्हटलेले नाही.

शिवाय, खरोखर पाठच समुद्राकडे आली असती तर समुद्राकडून ती पाठीसारखीच दिसली असती. त्या काळच्या इमारतींच्या मागच्या बाजू सपाट, मोऱ्यांचे नळ आणि नोकरांचे जिने मिरवणाऱ्या असत. ताजची बंदराकडची बाजू मात्र सज्जे, पुढे आलेल्या खिडक्या, कमानी आणि कोपऱ्यांवरचे घुमट यांनी मुद्दाम रचलेली आहे. बोटीवरून बघणाऱ्यासाठीच ती घडवली आहे. या इमारतीला दोन दर्शनी बाजू आहेत, एक पाहण्याची आणि एक आत शिरण्याची.

मग इतक्या जणांना ती उलटी का वाटते? याचे उत्तर समोरच उभे आहे : गेटवे ऑफ इंडिया. हॉटेल 16 डिसेंबर 1903 रोजी उघडले तेव्हा तिथे गेटवे नव्हता, होते ते केवळ अपोलो बंदर, म्हणजे जुन्या मुंबईकरांचे पालवा. राजे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी तिथे उतरले ते डिसेंबर 1911 मध्ये. कमानीची पायाभरणी 31 मार्च 1913 ची. जॉर्ज विटेट यांचा अंतिम आराखडा मंजूर झाला 1914 मध्ये. आणि कमानीचे उद्घाटन झाले 4 डिसेंबर 1924 रोजी, म्हणजे हॉटेल सुरू झाल्यावर जवळजवळ एकवीस वर्षांनी. आजचा पर्यटक गेटवेपाशी उभा राहून हॉटेलाकडे पाहतो आणि साहजिकच समजतो की हा चौथरा हेच हॉटेलाचे अंगण असणार. 1903 च्या पाहुण्याचा रस्ता निराळा होता. तो फोर्टातून, बोरीबंदरहून किंवा त्या वेळी अस्तित्वात असलेल्या कुलाबा स्थानकाकडून घोडागाडीने येई, आणि बोटीने आलेल्यालाही सामानसुमानासह गाडीतूनच दारात उतरणे सोयीचे पडे. गाड्या वळवायला, थांबवायला आणि घोडे उभे करायला आवार हवे. ते खोल्यांसमोरच्या समुद्रकिनाऱ्यापेक्षा मागच्या चौकात असलेलेच बरे.

तिसरे विधान उघडपणे मांडले जात नाही, पण त्याच्याशिवाय कथा पुढे सरकत नाही. ते म्हणजे, एवढी प्रचंड इमारत उलट दिशेने चढत असताना कोणाच्याच काही लक्षात आले नाही. बांधकामाची ज्याला थोडीही माहिती आहे त्याने क्षणभर विचार करावा. आराखड्यावर उत्तर दिशेची खूण असते. जमिनीवर चुन्याच्या रेघा मारून पायाची आखणी होते, त्याबरहुकूम चर खणले जातात, आणि यू आकाराची उघडी बाजू कोणत्या दिशेला आहे हे पहिल्याच आठवड्यात दिसून येते. घुमट चढेपर्यंत वाट पाहावी लागत नाही. या कामाचे मालक जमशेटजी टाटा फोर्टातच राहत होते. हॉटेलासाठी लागणारी यंत्रे आणि सामग्री मिळवायला जो माणूस परदेशांत स्वतः खटपट करतो, तो आपल्याच शहरात चाललेल्या बांधकामाचे तोंड कुठे आहे हे पाहत नव्हता, असे मानायला फार मोठा भोळेपणा लागतो. हॉटेल उघडले तेव्हा जमशेटजी हयात होते. त्यांचे निधन झाले मे 1904 मध्ये, जर्मनीत.

आत्महत्येविषयी. कथेत मृताचे नाव नसते, तारीख नसते, तो कोणत्या मजल्यावरून पडला याबाबतही एकमत नसते. त्या काळच्या मुंबईत 1871 च्या कायद्याने कॉरोनर नेमलेला होता आणि संशयास्पद किंवा अनैसर्गिक मृत्यूची चौकशी तो पंचांसमक्ष करीत असे. शहरात इंग्रजी, मराठी आणि गुजराती वृत्तपत्रे जोरात चालली होती. नव्या कोऱ्या हॉटेलावरून एखाद्या युरोपीय वास्तुविशारदाने उडी घेतली असती तर ती बातमी कित्येक दिवस पुरली असती आणि मृताचे नाव आपल्यापर्यंत आले असते. खरोखर असे घडते तेव्हा नोंद कशी राहते याचे उदाहरण व्हिएन्नाचे आहे. तेथील दरबारी ऑपेरागृहाचे एक वास्तुविशारद एडुआर्ड फान डेर न्युल यांनी, इमारतीवर चौफेर टीका होत असताना, एप्रिल 1868 मध्ये गळफास घेतला. त्यांचे सहकारी ऑगस्ट सिकार्ड फॉन सिकार्ड्सबुर्ग दोन महिन्यांनी वारले. आणि 1869 मध्ये झालेले उद्घाटन दोघांपैकी एकालाही पाहता आले नाही. तिथे नावे आहेत, तारखा आहेत, टीका कशावर होती हेही ठाऊक आहे. ताजच्या कथेत यांतले काहीच नाही. वैद्यांचा मृत्यू खरा आहे, पण तो इमारत पूर्ण होण्याच्या तीन वर्षे आधीचा, आजाराने झालेला. बांधकामाच्या मध्येच वास्तुविशारद गेला, या वस्तुस्थितीला पुढे कोणीतरी उडीची जोड दिली असेल काय, ही माझी शंका आहे, दावा नव्हे.

कथा खरी नसल्याचा आणखी एक निर्देश असा की ती मुंबईची मुळातच नाही, निदान एकट्या मुंबईची तरी नाही. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात केल्विनग्रोव्ह कलादालन आणि संग्रहालय आहे. 1901 च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाच्या वेळी ते उघडले, म्हणजे ताजच्या दोनच वर्षे आधी. त्याविषयीही ग्लासगोकर हेच सांगतात : इमारत उलटी बांधली गेली आणि वास्तुविशारदाने तिच्या मनोऱ्यावरून उडी मारली. तिथेही दर्शनी बाजू आजच्या वर्दळीच्या रस्त्याकडे नसून उद्यानाकडे आहे, आणि त्याचे कारण साधे आहे, कारण प्रदर्शन उद्यानात भरले होते. त्या इमारतीच्या दोघा वास्तुविशारदांपैकी जॉन सिम्पसन पुढे ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेचे अध्यक्ष झाले, लंडनच्या जुन्या वेम्ब्ली स्टेडियमच्या आराखड्यात त्यांचा हात होता आणि ते 1933 मध्ये वारले. मनोऱ्यावरून उडी मारलेल्या माणसाची ही कारकीर्द बरी म्हणायची! प्रवेशद्वार आणि रहदारी यांचा मेळ बदलला की लोक तीच कथा नव्या गावात चिकटवतात, एवढाच याचा अर्थ.

"असेना का खोटी, निरुपद्रवी तर आहे," असे यावर म्हटले जाते. मला ते पटत नाही. या कथेत बुद्धी परदेशी माणसाची आहे आणि मूर्खपणा इथल्या गवंड्यांचा, मुकादमांचा नि कंत्राटदाराचा आहे. प्रत्यक्षात आराखडे वैद्य-मिर्झांचे होते. बांधकामाचे कंत्राट खानसाहेब सोराबजी रतनजी काँट्रॅक्टर यांच्याकडे होते, आणि घुमटाखालचा तो प्रसिद्ध, अधांतरी वाटणारा जिना त्यांनीच योजला असे मानले जाते. असा जिना उभा करणाऱ्याला नकाशा सरळ धरता येत नव्हता, हे कथा आपल्याकडून मान्य करून घेते, आणि तेही ज्याला नाव नाही, गाव नाही अशा साहेबाच्या भरवशावर. बोरीबंदर आणि ताज या मुंबईच्या दोन सर्वाधिक छायाचित्रित इमारतींशी ज्यांचा संबंध आला त्या वैद्यांचे नाव मात्र गेटवेपाशी क्वचितच कानावर पडते.