‘यूए १३+’ म्हणजे मुलांना प्रवेशबंदी नव्हे

‘यूए १३+ चित्रपटाला तेरा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही, आधार कार्ड दाखवावे लागेल’ असा मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि जुन्या ‘यूए’चे (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने पाहायच्या चित्रपटांवरची सेन्सॉर बोर्डाची खूण) तीन भाग पडले: ७+, १३+ आणि १६+. ही खूण आईवडिलांना विचार करता यावा म्हणून आहे. तिची अंमलबजावणी पालकांशिवाय दुसऱ्या कोणी करायची नाही, असे त्याच दुरुस्तीत लिहिले आहे. म्हणजे दारावरचा कर्मचारी तुमच्या दहा वर्षांच्या मुलीला या खुणेवरून अडवू शकत नाही. निर्णय तुमचा.

प्रवेशबंदी आहे ती ‘ए’ला, म्हणजे फक्त प्रौढांसाठीच्या चित्रपटांना. अठरा पूर्ण नसतील तर आईवडील सोबत असूनही प्रवेश नाही, आणि वयाचा पुरावा मागतात तो इथेच. मेसेजमध्ये बहुधा याचीच गल्लत झाली आहे.

जुन्या चित्रपटांवर नुसते ‘यूए’ दिसते. तिथे पालकांच्या मार्गदर्शनासाठीची वयोमर्यादा बारा वर्षांची होती. ओटीटीवरची खूण मात्र सेन्सॉर बोर्डाची नसून प्लॅटफॉर्मने स्वतः दिलेली असते. तिथे यूए १३+ पासून वर पालकांसाठी लॉकची सोय देणे २०२१ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. सेटिंगमध्ये जाऊन पिन आपल्यालाच घालावा लागतो, आणि नेमके तेच राहून जाते.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.