बंपरला कूट

सोलापूरचं ऊन गाडीचं काय करतं हे बघायचं असेल तर पत्र्याकडे बघू नका, काळ्या प्लॅस्टिककडे बघा. पत्र्यावर रंग असतो, रंगावर चकाकणारा थर असतो, म्हणजे तो अंगभर कपडे घालून उभा असतो. बंपरची खालची पट्टी, चाकांवरच्या कमानी, वायपरखालची जाळी ही मंडळी मात्र उघडीच. कंपनीत त्या पॉलिप्रॉपिलीनमध्ये काजळीच मिसळतात, कार्बन ब्लॅक. तरी एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 वर गेला की उन्हातले अतिनील किरण वरचा थर कुरतडायला घेतात आणि काही उन्हाळ्यांत काळ्याचं राखाडी होतं. सोलापुरात दहा वर्षं जुनी गाडी ओळखायला नंबर बघावा लागत नाही.

आमची गाडी त्या राखाडी वयाला पोचली होती, आणि त्याबद्दल घरात कुणाची तक्रार नव्हती. साडूंच्या मुलीचं लग्न निघालं म्हणून गाडी धुवायला टाकली, तिथे घोटाळा झाला. तिथल्या पोराला कामाची फार हौस. त्याने पॉलिश पत्र्यावर लावलं ते लावलं, हात न थांबवता काळ्या पट्ट्यांवरूनही फिरवलं. हे प्लॅस्टिक गुळगुळीत नसतं, बारीक दाणेदार असतं. पॉलिशमधलं मेण त्या खळग्यांत जाऊन बसतं आणि वाळून पांढरं होतं. मुद्दाम कुणी बंपरवर रांगोळीची चिमूट सोडली असावी असं दिसत होतं.

यातली खरी बदमाशी पुढे आहे. पाणी मारलं की डाग गायब. बंपर काळाभोर, आपण खूश, फडकं पिळून आत चहाला. चहा संपेपर्यंत गाडी वाळते आणि सगळे डाग जागच्या जागी हजर. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. त्यामुळे ओली गाडी हीच सुंदर गाडी हे तत्त्व परवडण्यासारखं नव्हतं.

मग सल्ले सुरू झाले. शेजारचे आप्पा म्हणाले, "खोबरेल लावा की ओ, मी स्कूटरला तेच लावतो." लावलं. तासभर बंपर इतका चमकला की हिने त्यात बघून टिकली सरळ केली. मी कौतुकाने विजापूर रोडला एक चक्कर मारून आलो. परत येईपर्यंत रस्त्यावरची सगळी धूळ त्या तेलावर मुक्कामाला आली होती आणि बंपरला लव फुटली होती.

ऑफिसातल्या एकाने टूथपेस्ट सांगितली. टूथपेस्ट हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचेवर चालते, हे खरं आहे. ती काच म्हणजे पॉलिकार्बोनेट, आणि पेस्टमधली बारीक पूड वरचा पिवळा थर घासून काढते. सोबत उरलासुरला संरक्षक लेपही जातो, म्हणून काच पुन्हा लवकर पिवळी पडते, तो भाग निराळा. पण खळग्यात बसलेलं पांढरं काढायला खळग्यात आणखी पांढरं भरायचं, हे मला तेव्हाच पटलं नाही.

आईला या सगळ्यात इतके दिवस कुणी विचारलंच नव्हतं. ती चिंचेचा कोळ घेऊन पुढच्या लोगोवर बसली होती. "आई, ते पितळ नाही, प्लॅस्टिकवरचा मुलामा आहे, मीठ घालून घासू नकोस, निघून येईल," असं मी म्हणेपर्यंत अर्धा लोगो देवघरातल्या घंटीइतका लखलखीत झाला होता. मीठ तिने घातलंच नव्हतं. "एवढं कळतं मला," म्हणाली.

त्याच संध्याकाळी पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, पीनट बटर लाव. मेण तेलात सुटतं आणि दाण्याची पूड हलकेच घासते." सांगताना त्याने बरणीची किंमतही सांगितली. फोन स्पीकरवर होता.

"सोलापुरात राहून शेंगदाणे बरणीतनं विकत आणायचे?" आई म्हणाली. तिच्या आवाजात असा अपमान मी याआधी फक्त लग्नात कमी पडलेल्या जिलबीबद्दल ऐकला होता. ज्या गावची शेंगाचटणी लोक पुण्या-मुंबईला बांधून नेतात, त्या गावच्या बाईला हे ऐकवायचं म्हणजे कठीणच.

तिने दाणे मंद आचेवर भाजले, चोळून फोलपटं पाखडली आणि खलबत्ता काढला. आधी कोरडा, भुरभुरीत कूट झाला. ती थांबली नाही. कूट बत्त्याला चिकटायला लागला, गोळा व्हायला लागला आणि मग त्याच्या अंगावर तेलाचे बारीक थेंब दिसायला लागले. चटणी इथेच चटणी होते. सवयीने तिचा हात लसणाकडे गेला. "आई, बंपरला!" हात परत आला. हिचं तोंड मात्र उतरलं होतं, कारण ते दाणे रविवारच्या चटणीचे होते.

जुना दातांचा ब्रश घेऊन मी कूट खळग्यांत गोल गोल चोळायला लागलो, आणि भाचा खरं बोलला होता. मेण सैल होऊन कुटात येत होतं, फडक्यावर करडा लगदा निघत होता, खाली डाग नव्हता. गल्लीतली पोरं जमली. एकाने सायकल आडवी घालून विचारलं, "काय ओ काका, बेंदूर हाय का आज? गाडीची खांदेमळणी करताय?"

आता हे झाल्यावर साबणाच्या कोमट पाण्याने सगळं धुऊन काढायचं असतं, नाहीतर तेल तिथेच राहतं. टाकीचा नळ सोडला तर त्यातून नुसती हवा आली. पाणी दुसऱ्या दिवशी येणार होतं. कूट लावलेली गाडी तशीच रात्रभर दारात राहिली.

पहाटे बाहेर आलो तर तुळशीवृंदावनापासून डाव्या चाकाच्या कमानीपर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. ती एकेरी नव्हती, जाणाऱ्या वेगळ्या, येणाऱ्या वेगळ्या. इतकी शिस्त सात रस्त्याच्या चौकात मी कधी पाहिलेली नाही. मागच्या बाजूला मात्र कुणाचीतरी शेळी पुढचे दोन पाय पायरीवर ठेवून बंपर चाटत होती. डोळे अर्धे मिटलेले. हाकलली तर दोन पावलं मागे सरकली आणि मी आत वळल्यावर उरलेला कोपरा साफ करायला परत आली. खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा तिचं काम सफाईदार होतं. ब्रश जिथे पोचला नव्हता तिथे तिची जीभ पोचली होती.

पाणी आलं, गाडी धुतली, उन्हात वाळवली. पांढरे डाग गेले ते गेलेच, पुन्हा आले नाहीत. राखाडी रंग मात्र तसाच राहिला, कारण कूट मेण काढतो, गेलेला काळेपणा परत आणत नाही. त्यासाठी गॅरेजवाले हीट गन फिरवतात. गरम हवेने वरचा थर जरासा मऊ होतो आणि खालचा काळा रंग पुन्हा दिसायला लागतो. गन जास्त वेळ एका जागी धरली तर प्लॅस्टिक ओघळतं. हे आईला समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पट्टी सुटी करून आणलीस तर गॅसवर धरता येईल का? वांगं भाजतो तशी?"

पट्टी सुटी होत नाही, असं मी तिला ठामपणे सांगितलं आहे. स्क्रू कुठे आहेत ते तिने अजून पाहिलेलं नाही.

आप्पा मात्र आता हातात वाटी घेऊन दारात उभे असतात. खोबरेलाने स्कूटरवर बसलेली धूळ कुटाने निघते का, हे त्यांना करून बघायचं आहे. आईने त्यांना कालच वाटीभर कूट दिला. तासाभराने जिन्यातून आवाज आला, "वहिनी, थोडं तिखट पण द्या की ओ. स्कूटरला पुरून उरलंय, भाकरी केलीय."